चिखल ओकलेले खेकडे

खेकडे विकत घेतले म्हणून माय ते लगेच शिजवत नसे. आधी मोठ्या घमेल्यात पाणी, पाण्यात मूठभर ज्वारीचं पीठ, त्यात खेकडे सोडायचे, वरून परात पालथी घालायची आणि परातीवर वरवंटा ठेवायचा. मग ते आत पिठासाठी भांडत बसायचे, खरखर खरखर. सकाळी परात उचलली की तळाला काळा गाळ साचलेला असायचा आणि खेकडे अंघोळ केल्यासारखे स्वच्छ दिसायचे. "दख," माय म्हणायची, "समदा चिखल ओकी टाका." ते पाणी ओतून दुसरं, ते ओतून तिसरं, आणि पाणी नितळ राहिलं की मगच पाट्यावर. ही रीत तिने तिच्या आईकडून उचलली होती, शिरपूरच्या खाली तापीकाठच्या तिच्या माहेरात. चिखल ओकलेला खेकडा शुद्ध, त्याला बाळंतिणीने खावं, तान्ह्याच्या आईने खावं, अंगात रक्त नसलेल्या पोरीने तर खावंच खावं. याबाबतीत डॉक्टर, वैद्य, मास्तर, कोणाचंही माय ऐकायची नाही.

आम्ही सुरतेत, नवागामात राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि मागच्या भिंतीला चिकटून लूमचं खातं. खातं म्हणजे कापडाच्या मागांचा कारखाना. सुरतेत सगळे खातंच म्हणतात. बापू त्याच खात्यात मागावर होते, त्यामुळे ते घरी असोत की कामावर, अंतर एका भिंतीचं. माग दिवसरात्र चालायचे. फळीवरच्या वाट्या थरथरत सरकायच्या आणि आठवड्यातून एखादी खाली पडायचीच. आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती, गुपित सांगायचं तरी ओरडून सांगावं लागे. आजही मी फोनवर बोलते तेव्हा पलीकडचा माणूस विचारतो, मावशी, रागावलात का? रागावले नाही रे बाबा, मी नवागामातली आहे.

घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडणात हिंदी, अशी आमची वाटणी होती. सगळी गल्ली खान्देशातून आलेली, कोणी धुळ्याकडचं, कोणी नंदुरबारकडचं. त्या गल्लीत मायला एक मान होता. कोणाच्याही घरी बाळंतीण असो, खेकड्याचा रस्सा मायच्या हातचा जायचा. खेकडे कवचासकट पाट्यावर वाटायचे, तो लगदा फडक्यात पिळून रस काढायचा, घरच्या काळ्या मसाल्याची फोडणी द्यायची, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. वाटण्याआधी मोठ्या खेकड्यांचं कवच उघडून आतला पिवळा गर ती चमच्याने बाजूला काढायची. तो गर म्हणजे सगळ्यात ताकदीचा, तो ज्याच्यासाठी रस्सा त्याच्याच वाटीत. आम्ही नुसता वास घेऊन जेवायचो.

खेकडे यायचे खाडीतून. शांतामासी नावाची बाई टोपली घेऊन गल्लीत यायची, कधी खेकडे, कधी लेवटा. लेवटा म्हणजे चिखलावर उड्या मारणारी ती बटबटीत डोळ्यांची मासळी. कोकणात तिला निवटी म्हणतात. माय शांतामासीची वाट बघत ओट्यावर बसायची. सुरतेचं तिला बाकी काही आवडलं नाही, ना पाणी, ना गोड डाळ, पण या खेकड्यांवर तिचा जीव. कारण एकच. "पानी ते आपलंच से," ती म्हणायची. "मन्हा गाववरथून जास तेच आठे येस." बापू त्यावर म्हणायचे, "बरोबर से. नदीबी कामधंदासाठे सुरतले उनी."

त्या वर्षी माझी मोठी बहीण सिंधू पाचव्या महिन्यातच माहेरी आली. तिचं सासर सुरतेजवळच्या सचिन गावात, नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात. तिला याआधी दोनदा दिवस गेले होते. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं दिवस भरत आलेले असताना. दोन्ही वेळा माय तिच्याजवळ होती आणि दोन्ही वेळा मायने तिला जपायचं म्हणून जे जे करता येतं ते केलं होतं. या खेपेस सिंधूच्या सासूने आमच्या ओट्यावर बसून, चहा पीत, अगदी शांतपणे सांगितलं की आता तिसऱ्यांदा असं झालं तर पोरीला इथेच ठेवा, आम्ही मुलाचं दुसरं बघू. कपबशी धुऊन ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मायने शांतामासीला सांगून ठेवलं की आठवड्यात जेवढ्या वेळा चांगले खेकडे मिळतील तेवढ्या वेळा घेऊन ये. सिंधूला अन्न बघितलं की मळमळायचं, पण तो रस्सा तेवढा पोटात राहायचा. ती वाटी तोंडाला लावायची आणि माय समोर बसून प्रत्येक घोट खाली जाताना बघायची.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन कामाला लागले होते. काम होतं चिखलाचं. आमच्या कॉलेजातल्या देसाईमॅडम खाडीच्या गाळाचा अभ्यास करत होत्या आणि त्यांना गाळ काढायला, वाळवायला, चाळायला माणूस हवं होतं. बापूंनी गल्लीभर सांगितलं, "लोकांच्या पोरी शिकून खुर्चीत बसतात, आमची शिकून चिखलात बसली." पण मला ते काम मनापासून आवडलं. ओहोटीला खाडी आटली की दोन्ही बाजूंनी चिखल उघडा पडायचा, आपण त्यात गुडघ्यापर्यंत, आणि वास नासलेल्या अंड्याचा. प्लास्टिकची रुंद नळी चिखलात सरळ खाली दाबायची, वरून बूच लावायचं आणि ओढून काढायची. आत चिखलाचा दांडा यायचा. प्रयोगशाळेत त्याच्या चकत्या करायच्या, त्याही प्लास्टिकच्या पट्टीने. मी पहिल्याच दिवशी घरून स्टीलची सुरी नेली होती. मॅडम म्हणाल्या, "अगं बेन, आपण चिखलातला धातू मोजणार आणि तू सुरीतला धातू त्यात घालणार?" त्यांची मराठी अशीच होती, चांगली पण मध्येच बेन.

त्या चिखलाची गोष्ट अशी. वर कुठेतरी एक कारखाना होता, त्याचं पाणी पूर्वी या खाडीत यायचं. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण मी कामाला लागले तेव्हा तो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पाण्यातलं तांबं, जस्त, कॅडमियम गाळात बसलं. पुढे दर भरतीला, दर पुराला त्यावर नवा गाळ येत गेला. सगळ्यांचं म्हणणं, पुरलं गेलं, आता भीती नाही. आणि खरंच, खालच्या काळ्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे हे धातू गंधकाशी बांधले जाऊन जागच्या जागी पडून राहतात. त्यांना कोणी हात लावला नाही तर ते काही करत नाहीत. म्हणजे वरची चकती स्वच्छ आणि खालची घाण, असं निघायला हवं होतं. निघालं भलतंच. वरच्या चकतीतही धातू होतेच. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं, तेच निघालं. मग त्यांनी मला नळीतला दांडा उभा चिरायला सांगितला. काळ्या चिखलात वरून खालपर्यंत भोकं भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला विटकरी रंगाचं अस्तर. किड्यांची बिळं. अंगभर पाय असलेले, बोटाएवढे लांब किडे, शिवाय बारके खेकडे, शिंपले. हे सगळं पुरलेलं बाहेर काढायचं काम रोज बिनपगारी चाललं होतं.

मॅडमनी खिडकीत दोन काचेच्या पेट्या ठेवल्या. दोन्हींत तोच चिखल, तेच खाडीचं पाणी. एकीत किडे आणि खेकडे सोडले, दुसरीत काही नाही. दुसरी पेटी शहाण्या मुलासारखी तशीच राहिली, वर बदामी, खाली काळी. पहिलीत काही दिवसांतच वरची माती खाली आणि खालची वर झाली. किडे खालचा चिखल गिळायचे आणि वर येऊन टाकायचे. बिळांतून पाणी आणि हवा खाली जायची, जिथे ती पोचली तिथे बांधलेले धातू सुटे व्हायचे. काही बिळाच्या गंजलेल्या कडेला पुन्हा चिकटून बसायचे, काही पाण्यात यायचे. पहिल्या पेटीतल्या पाण्यात ते मोजता आले, दुसरीत जवळजवळ नाहीच. मी मॅडमना विचारलं, मग हे किडे वाईटच म्हणायचे ना? त्या वैतागल्या. "किडे नसते तर तो चिखल सडून मेला असता. मासे नसते, पक्षी नसते. त्यांनी खाल्लं, घर बांधलं, एवढंच केलं. घाण त्यांनी टाकली का?" हे त्यांचं बोलणं मला पटलं आणि आजही पटतं. शेतात गांडुळाने माती उलटवली तर आपण त्याला हात जोडतो, इथे त्याच्या खाली आपण काय पुरून ठेवलंय ते बघायला नको का.

एका ओहोटीला मी नळी दाबत होते तेव्हा पलीकडून कोणीतरी हाक मारली. बघते तर शांतामासी, साडीचा कासोटा मारून, कोपरापर्यंत हात बिळात. "अली, तुं बी करचला पकडवा आवी के?" म्हणून ती खो खो हसली. करचला म्हणजे खेकडा. मीही हसले. मग हात तसाच नळीवर राहिला. तिच्या टोपलीतले खेकडे जाणार होते आमच्या घमेल्यात.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा माय पाट्यावर वाटत होती आणि सिंधू भिंतीला टेकून बसली होती. मागे खातं धडधडत होतं. मी सांगायला सुरुवात केली, खाडी, चिखल, किडे, धातू. मायला अर्धं ऐकू येत नव्हतं आणि उरलेलं ऐकायचं नव्हतं. "चिखल ओकाडी टाका ना मी!" ती म्हणाली. मी म्हटलं, चिखलाचं नाही बोलत मी. ती म्हणाली, "मंग कसानं बोलस?" मी अजून मोठ्याने सांगितलं, ती अजून मोठ्याने बोलली. "मन्ही मायनी समदा गावना बायास्ना बाळंतपणं करात! कोनले काय व्हयनं?" मग मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "माय, तू तिला विष खाऊ घालतेयस!" आणि त्याच क्षणी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. विष खाऊ घालतेयस हे शब्द गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

गल्ली असली ना, तिला शांतता सहन होत नाही. समोरच्या ओट्यावरून कोणीतरी लगेच विचारलं, "काय व्हयनं वं?" माय वाटत राहिली. माग बंद असताना पाट्यावरचा वरवंटा इतका मोठा वाजतो हे मला तेव्हा कळलं. तिने रस गाळला, फोडणी दिली, वाटी भरली, सिंधूसमोर ठेवली. सिंधूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वाटी तशीच हातात धरून बसली. त्या दिवशी तिने तो रस्सा प्यायला की नाही मला माहीत नाही, मी रागाने ओट्यावर जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरून डबा परत आला. त्यांची सून बाळंतीण होती आणि मायने नेहमीप्रमाणे तिला रस्सा पाठवला होता. "पोट भरेल से तिनं," म्हणून शेजारीण डबा ठेवून गेली. झाकणही उघडलेलं नव्हतं. मायने तो रस्सा मोरीत ओतला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. बापू मधल्या मध्ये निरोप्या झाले. "तुन्ही माय सांगस, मीठ दे." मी दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायचे.

पण मायने खेकडे बंद केले नाहीत, उलट हट्टाने आणले. बाहेरचं कोणी खात नसेल तर नसू दे, माझी पोर खाईल, असा तो हट्ट. सिंधू बिचारी दोघींच्या मध्ये. ती लहानपणापासून कमी बोलणारी. मला वाटायचं हिला स्वतःचं मत नाही. एका सकाळी मी कामाला निघाले तर ती ओट्यावर आली आणि माझ्या पिशवीत एक डबा ठेवला. आत एक खेकडा, घमेल्यातला, चिखल ओकलेला. "हा घी जाय," ती म्हणाली. "याले फोडीसन दख. तुम्ही दोन्ही जनी खरं बोलतस असं वाटस माले. मन्हा पोटमा पोर से, माले समजाले पाहिजे." एवढं बोलून ती आत गेली. त्या घरात शहाणी तीच होती.

मॅडमनी तो खेकडा आणि शांतामासीकडूनच आणलेला एक ताजा खेकडा शेजारी शेजारी उघडला. ताज्याच्या आतड्यात काळा चिखल भरलेला. मायच्या खेकड्याचं आतडं साफ, कणभर गाळ नाही. मॅडम म्हणाल्या, "तारी बा तो हुशार छे." बा म्हणजे आई. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू. मग दोन्हींचं मांस आणि दोन्हींचा पिवळा गर वेगळा करून वाळवला, आम्लात विरघळवला, मोजला. दोन्हींत धातू सारखेच. मांसात थोडे, गरात कितीतरी जास्त. तो गर म्हणजे खेकड्याचं यकृत, जे जे अंगात शिरतं ते तिथे जाऊन साठतं. एका दिवसात ते ओकून जात नाही.

मी घरी येऊन मायसमोर बसले. दुपार होती, बापू कामावर, सिंधू आत आडवी. मी तिला पहिल्यांदा तेच सांगितलं जे तिला ऐकायला आवडलं असतं, की तुझ्या खेकड्याचं पोट एकदम साफ निघालं. तिचा चेहरा इतका खुलला की पुढचं बोलवेना. "मी सांगत नव्हतू?" ती म्हणाली, एवढ्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा. मग मी बाकीचं सांगितलं. पोट साफ आहे पण अंगात आहे. आणि सगळ्यात जास्त त्या पिवळ्या गरात आहे.

माय ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, मागांच्या आवाजात मला ते तिच्या ओठांवरूनच कळलं, "सिंधूले पहिला दोन्ही टाइमले बी मीच खावाडं ना."

मी याचा विचारच केला नव्हता. देवाशपथ, एकदाही नाही. माझ्या डोक्यात येणारं पोर होतं, गेलेली दोन नव्हती. मी म्हटलं, त्याने नाही झालं माय. ती म्हणाली, तुले कसं माहीत? मी म्हटलं, नाही माहीत, कोणालाच सांगता येणार नाही, सतरा कारणं असतात. हेच खरं होतं. पुढे आयुष्यभर मी याच विषयात काम केलं आणि आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन, की एका बाईच्या दोन गेलेल्या पोरांबद्दल खेकड्याकडे बोट दाखवता येत नाही, आणि नाहीच म्हणूनही सांगता येत नाही. पण आईला असलं उत्तर काय कामाचं? तिने सूप खाली ठेवलं, घमेलं उचललं, त्यात तिने सकाळीच पाणी बदललेले खेकडे होते, आणि ते गटारावर नेऊन ओतलं. खेकडे इकडेतिकडे पळाले. गल्लीतली पोरं त्यांच्यामागे धावली, त्यांची मज्जा झाली.

त्या दिवसापासून मायने सिंधूसाठी रांधणं सोडलं. बाकीच्यांचं करायची, सिंधूचं ताट मला वाढायला लावायची. सिंधूची भाकरी मी थापायची, आणि माझी भाकरी म्हणजे एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. बापूंनी एकदा त्यातला तुकडा चाखला आणि म्हणाले, "येन्हापेक्षा खेकडा बरा व्हता." सिंधूच्या अंगावरून हात फिरवायचा असला तरी माय मला म्हणायची, तू फिरव. डोक्याला तेल लावायचं असलं तरी मीच. सिंधू सगळं बघत होती. मला मायचा राग येत होता आणि तिच्यासाठी जीवही तुटत होता, दोन्ही एकाच वेळी. मी तिला दहा प्रकारे समजावलं. ज्याने खाडीत विष घातलं त्याचा दोष, तुझा काय? ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हात ते मन्हाच व्हता ना."

दिवस भरले आणि सिंधूला सरकारी दवाखान्यात नेलं. माय सोबत आली पण आत गेली नाही, बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली. आत मी होते. मुलगी झाली. वजनाने थोडी कमी, आवाजाने अजिबात नाही. रडणं असं की नर्स म्हणाली, हिला बाहेरूनसुद्धा सगळे ओळखतील. सिंधूची सासू आली, नातीला बघितलं, मुलगी आहे म्हणून नाक मुरडलं, पण जिवंत आहे, धडधाकट आहे, त्यावर तिला बोलता येईना. मग मी मायला हाताला धरून आत आणलं. नर्सने कपड्यात गुंडाळलेलं ते मूल मायच्या पुढे धरलं. मायने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मन्हा हातमा नको," ती म्हणाली. "तुम्हीच ठेवा तिले."

नर्सला काही कळेना. मी पुढे झाले, पण सिंधू उठून बसली. नर्स ओरडली, आडवी हो, तरी ती बसलीच. आणि जी पोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती ती त्या वॉर्डात, जिथे एकही माग चालत नव्हता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माय, तुन्हाच हातनं खाईसनी मी एवढी व्हयनू. मी मरी गऊ का? घे तिले. ईले बी तूच खावाडजो."

मायने हात पुढे आणले. मग दवाखान्यातून घरी येईपर्यंत तिने ते मूल कोणाकडे दिलं नाही, सासूकडे नाही, बापूंकडे नाही, आणि मी मागितलं तर माझ्या हाताकडे बघून म्हणाली, आधी तो खाडीचा चिखल धुई ये.